एका तुकड्याचं देणं

स्नायूंच्या बायोप्सी वाचण्यात माझी सारी नोकरी गेली. या कामातलं मला जे काही येतं, त्याचं बरंचसं श्रेय दोघांना आहे. एक आमच्या प्रयोगशाळेतले ज्येष्ठ तंत्रज्ञ. त्यांना डीनसाहेबांपासून सफाईच्या मावशींपर्यंत सगळे अण्णाच म्हणत. दुसरा एक लहान मुलगा. त्याच्या मांडीतून काढलेला जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा तुकडा आमच्याकडे आला तेव्हा तो सव्वा वर्षाचा होता आणि त्याने अजून मान धरली नव्हती. दोघेही आज नाहीत. त्यांचं जे देणं मी लागते, ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. आता निवृत्तीची सवड आहे.

पॅथॉलॉजीत येणारे बहुतेक नमुने फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडूनच येतात. स्नायूला ते चालत नाही. फॉर्मॅलिनमध्ये गेला की त्यातली एन्झाइमं संपतात, आणि पुष्कळशा प्रथिनांचं रूप असं पालटतं की त्यांना ओळखणारी अँटिबॉडी त्यांच्यावर बसतच नाही. म्हणून तुकडा ताजाच, सलाइनने किंचित ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून थिएटरमधून धावत आणायचा आणि गोठवायचा. हळूहळू गोठला तर पेशींतल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात, तंतूंना भोकंच भोकं पडतात, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसतंय तो आजार की आपली करणी, हे कुणालाच सांगता येत नाही.

नव्या माणसाला वाटतं, द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा, त्यात बुडवला की झालं. अण्णा नुसती मान हलवायचे. कोमट तुकडा पडला की त्याच्याभोवतीचा नायट्रोजन उकळायला लागतो, वायूचं वेष्टन तयार होतं आणि गारवा आत पोचायला वेळ लागतो. यावर उपाय आयसोपेंटेनचा. स्टीलचं छोटं भांडं तारेने नायट्रोजनमध्ये सोडायचं, त्यात आयसोपेंटेन ओतायचं आणि तळाशी पांढरं गोठण धरेपर्यंत वाट पाहायची. गोठण धरलं की ते उणे १६०च्या आसपास आलं. अण्णांना थर्मामीटर लागायचा नाही, ते भांड्याच्या तळाकडे बघत उभे राहायचे. बुचाच्या चकतीवर ट्रॅगाकँथ डिंकाचा ठिपका, त्यात तंतू उभे राहतील असा खोचलेला तुकडा, म्हणजे पुढे कापताना प्रत्येक तंतूचा आडवा छेद मिळतो. मग चकती चिमट्यात धरून, उलटी करून, एका दमात आत. "डॉक्टरबाई, हात थरथरला तरी चालेल, पण मध्येच थांबायचं नाही," हे त्यांचं मला पहिल्या दिवशी सांगितलेलं वाक्य.

ही हातोटी त्यांच्यात आली होती गावाकडून. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. कृत्रिम रेतनासाठी वळूचं गोठवलेलं वीर्य द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये यायचं. कॅनमधली पातळी पट्टी बुडवून कशी बघायची, नळकांडं किती क्षण बाहेर राहिलं तर आतला माल वाया गेला समजायचं, हे अण्णा विशीत शिकले. मुंबईला आल्यावर त्याच हातांनी त्यांनी माणसांचे स्नायू सांभाळले. अशा माणसांची नावं शोधनिबंधांच्या शेवटी आभाराच्या ओळीतही क्वचितच येतात. मला ते कधीच योग्य वाटलं नाही.

तर या तुकड्यांमध्ये मी जे पाहत आले, त्यात स्नायूपेक्षा त्याच्या भोवतालच्या आवरणाकडे माझं जास्त लक्ष असायचं. १८४० साली इंग्लंडमधल्या विल्यम बोमनने स्नायुतंतू चिरडून, ताणून पाहिले होते. आतला ऐवज तुटून मागे सरतो आणि एक पारदर्शक नळी तशीच राहते, हे त्याने लिहून ठेवलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर कळलं की त्या नळीत पेशीचं स्वतःचं पटल आहे आणि त्याच्या बाहेर आणखी एक थर आहे, बेसमेंट मेम्ब्रेनचा. जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकीसुद्धा भरत नाही. तरी त्यात दोन जाळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, एक टाइप फोर कोलॅजेनची आणि दुसरी लॅमिनिनची. निडोजेन, परलेकन ही प्रथिनं त्यांना सांधून धरतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी ज्या सॅटेलाइट पेशी दाखवल्या, ज्यांच्यातून इजा झालेला स्नायू पुन्हा भरून येतो, त्याही याच थराखाली दबा धरून असतात.

लॅमिनिन हाती लागलं १९७९ साली, उंदरांमधल्या एका गाठीतून. रूपर्ट टिंपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम. अल्फा, बीटा, गॅमा अशा तीन साखळ्या वळून त्याचा क्रूस होतो. शरीरभर याचे वेगवेगळे प्रकार आहेत. स्नायूभोवती असतं त्यात अल्फा-२ ही साखळी असते, आणि आम्ही जुनी माणसं त्याला अजून मेरोसिनच म्हणतो. त्याच्या लांब दांड्याच्या टोकाला गोलसर गाठी असतात. त्या गाठी तंतूच्या पृष्ठभागावरच्या डिस्ट्रोग्लायकॅनला धरतात, त्यातही त्या प्रथिनावरच्या साखरेच्या साखळीला. डिस्ट्रोग्लायकॅन आतल्या बाजूला डिस्ट्रॉफिनला धरतं आणि डिस्ट्रॉफिन पेशीच्या आतल्या ॲक्टिनच्या धाग्यांना. तंतू आखडला की त्याचा ताण या साखळीतून बाहेरच्या आवरणावर उतरतो. यातली कुठलीही कडी निघाली की स्नायू आपल्याच ओढीने झिजत जातो. कुठली कडी निघाली त्यावरून आजाराचं नाव ठरतं. डिस्ट्रॉफिन नसेल तर ड्यूशेन. मेरोसिन नसेल तर जन्मजात डिस्ट्रॉफीचा एक प्रकार, जो १९९४ साली पॅरिसच्या गटाने ओळखला आणि ज्याचं जनुक, लामा-टू, सहाव्या गुणसूत्रावर आहे.

त्या मुलाचा तुकडा आला तो २००६च्या पावसाळ्यात. अंग मऊ पडलेलं, रक्तातलं सीके खूप वाढलेलं, मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढऱ्या भागात बदल. संशय मेरोसिनचाच होता. अण्णांनी क्रायोस्टॅटमध्ये उणे वीसच्या गारठ्यात आठ मायक्रॉनचे छेद घेतले. काप पात्यावर वळायला लागला की ते ब्रशच्या एका केसाने त्याला सपाट करायचे. चमकणाऱ्या हिरव्या रंगाच्या अँटिबॉडी लावल्या. स्पेक्ट्रिनसाठी लावलेल्या काचेवर प्रत्येक तंतूला अखंड हिरवी कड आली, म्हणजे पेशीपटल शाबूत. मेरोसिनसाठी लावलेल्या काचेवर काळोख. आम्ही दोन वेगवेगळ्या अँटिबॉडी वापरल्या, कारण हे प्रथिन पेशीबाहेर दोन खंडांत तुटतं. एका खंडाची अँटिबॉडी कधीकधी सौम्य उणीव झाकून नेते आणि दुसऱ्या खंडाची ती उघडी पाडते. इथे दोन्हींनी एकच सांगितलं.

त्याचे वडील साखर कारखान्यात फिटर होते. आईवडील नात्यातले, मामे-आते भावंडं. निदान न्यूरॉलॉजिस्टनी समजावून सांगितलं होतं, तरी वडील प्रयोगशाळेचं दार शोधत माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, काय नाहीये ते मला दाखवता का?"

असं मला आधी कुणी विचारलं नव्हतं. दोघांना एका वेळी बघता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. आधी निरोगी स्नायू दाखवला, मग त्यांच्या मुलाचा. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मग म्हणाले, "म्हणजे मशिन चांगलं आहे, फाउंडेशनचे बोल्टच नाहीत. चालू केलं की स्वतःच हादरून खिळखिळं होणार." त्यानंतर विद्यार्थ्यांना हा आजार शिकवताना मी नेहमी त्यांचंच वाक्य वापरत आले, आणि ते कुणाचं आहे हेही सांगत आले.

मग त्यांनी दुसरं विचारलं: "मेंदूचा हुकूम तरी पोचतो का?"

पोचतो, पण जरा सावकाश. कारण हेच लॅमिनिन मज्जातंतूभोवतीच्या श्वान पेशींच्या आवरणातही असतं, आणि ते नसेल तर मज्जातंतूचं वेष्टन नीट होत नाही. एवढंच मी त्यांना सांगितलं. पण मज्जातंतू आणि स्नायूच्या जोडाबद्दल मला खरं तर खूप बोलायचं होतं, कारण या विषयाकडे मी ओढली गेले ती त्या जोडामुळेच.

शिकत असताना ग्रंथालयात १९७८ सालचा एक निबंध हाती आला होता. जोशुआ सेन्स, लॉरेन्स मार्शल आणि मॅकमॅहन या तिघांचा. बेडकाच्या छातीवरचा एक पातळ स्नायू त्यांनी घेतला. तंतूंना इजा करून ते मरू दिले, मज्जातंतूही तोडला, आणि नवे तंतू उगवू नयेत म्हणून क्ष-किरणांचा मारा केला. मागे उरल्या फक्त आवरणाच्या रिकाम्या नळ्या. मग मज्जातंतू पुन्हा वाढत आला. समोर स्नायू नाही, हुकूम ऐकायला कुणी नाही, तरी त्याची टोकं बरोबर जुन्या जोडांच्याच जागी येऊन थांबली आणि तिथे त्यांनी रासायनिक संदेश सोडण्याची आपली जागा पुन्हा मांडली. पुढच्या वर्षी स्टीव्हन बर्डन, सार्जंट आणि मॅकमॅहन यांनी उलट बाजू तपासली. या वेळी स्नायू उगवू दिला, मज्जातंतू येऊ दिला नाही. नव्या तंतूने आपले असेटिलकोलिनचे रिसेप्टर जुन्या जोडाच्याच जागी गोळा केले. जागेची आठवण दोघांपैकी कुणाच्याच पेशीत नव्हती. ती मधल्या आवरणात होती.

हे वाचलं त्या रात्री मी वसतिगृहात कुणाशी काही बोलले नाही. ज्या थराकडे आम्ही नुसती भिंत म्हणून बघत होतो तो पत्ता सांभाळून होता! पुढच्या माझ्या सगळ्या वाचनाची दिशा त्या दोन निबंधांनी ठरवली.

स्नायुतंतूच्या पृष्ठभागाचा हजारावा भाग म्हणजे हा जोड. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यात जेमतेम पन्नास नॅनोमीटरची फट, आणि आवरण त्या फटीतूनही जातं. पण तिथे त्याची घडण वेगळी असते. इतरत्र लॅमिनिनमध्ये बीटा-१ साखळी, इथे बीटा-२. ती नसलेल्या उंदरांमध्ये जोड अर्धवट राहतात आणि श्वान पेशी फटीत घुसतात. असेटिलकोलिन तोडणारं एन्झाइमही इथेच, कोलॅजेन-क्यू नावाच्या शेपटीने आवरणाला बांधलेलं. ही शेपटी सदोष असेल तर एक जन्मजात मायस्थेनिया होतो, आणि त्यात मायस्थेनियाचं नेहमीचं औषध, पायरिडोस्टिग्मिन, रुग्णाला उलट बाधतं. निदान नेमकं का हवं, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालं नाही.

आवरणातला हा पत्ता कुठल्या प्रथिनाने लिहिलाय, हे शोधायला मॅकमॅहन समुद्राकडे वळले. टॉर्पेडो नावाचा विजेचा झटका देणारा मासा असतो. त्याचा वीज तयार करणारा अवयव म्हणजे जोडांचीच रास, त्यामुळे हवं ते प्रथिन तिथे भरपूर सापडण्याची आशा होती. त्या अवयवाच्या आवरणातून काढलेला अर्क संवर्धनातल्या स्नायुपेशींवर घातला की विखुरलेले रिसेप्टर ठिकठिकाणी गोळा होत. त्यातलं प्रथिन स्टॅनफर्डला वेगळं काढण्यात आलं आणि १९८७ साली त्याचं नाव ठेवलं ॲग्रिन. मज्जातंतू ते स्वतः बनवतो, टोकापर्यंत पोचवतो आणि आवरणात रुजवतो. १९९६ साली ॲग्रिनशिवाय जन्मलेल्या उंदरांचं काय होतं ते दिसलं: जोड बनत नाहीत, श्वास घेता येत नाही, पिल्लं जन्मतःच जातात. ॲग्रिनचा निरोप आत नेणारी मस्क ही कडी त्याच वर्षी उलगडली, आणि ॲग्रिन ज्याला प्रत्यक्ष बिलगतं ते एलआरपी-४ तर २००८ साली. इतकी वर्षं इतकी माणसं एका एवढ्याशा फटीपाशी बसून राहिली, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

ॲग्रिनचा आणि त्या मुलाचा संबंध होता तो असा. २००१ साली बाझेलच्या मार्कुस र्‍यूएग यांच्या गटाने मेरोसिन नसलेल्या उंदरांना ॲग्रिनची आखूड आवृत्ती दिली. तिचं एक टोक लॅमिनिनला धरतं आणि दुसरं डिस्ट्रोग्लायकॅनला. मेरोसिन नसताना स्नायूत जे दुसऱ्या जातीचं लॅमिनिन येतं त्याची पकड ढिली असते. ही आखूड ॲग्रिन त्याला तंतूशी बांधून देते. उंदीर बरे झाले नाहीत, पण पुष्कळ सुधारले, जास्त जगले. वडिलांनी औषधाचं विचारलं तेव्हा मी हे सांगितलं, आणि उंदरापासून माणसापर्यंतचं अंतरही सांगितलं. आजही या आजाराच्या मुलाच्या हाती देता येईल असं औषध नाही. त्यांनी ऐकून घेतलं. उरलेला तुकडा ठेवून घेण्याच्या कागदावर सही करताना म्हणाले, "ठेवा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

तो मुलगा मला पुढे दर वर्षी भेटत राहिला. आईवडील त्याला रेल्वेने आणायचे. तो कधी उभा राहिला नाही, पण बोलायला चुरचुरीत. या आजारात बुद्धी बहुधा शाबूतच असते. आईच्या मांडीवर टेकून तो येताना लागलेली स्टेशनं क्रमाने म्हणायचा: ताकारी, भवानीनगर, शेणोली, कराड. मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. आठव्या वर्षाच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने तो गेला.

आता त्या तुकड्याबद्दल. मेरोसिनसाठी अँटिबॉडी लावली आणि काच काळी राहिली, तर त्याचे दोन अर्थ होतात: प्रथिन खरोखर नाही, किंवा अँटिबॉडीच कामातून गेली. म्हणून दर खेपेला नव्या रुग्णाच्या छेदाशेजारी दोन ओळखीचे छेद ठेवायचे, एक निरोगी आणि एक ज्याच्यात प्रथिन नाही हे पक्कं ठाऊक आहे तो. हा दुसरा छेद आमच्याकडे त्या मुलाचा होता. संशयित मेरोसिनची जी काच मी वाचली, तिच्या कडेला तो होता. किती मुलांना "तुम्हाला हा आजार नाही" असं मी निर्धास्तपणे लिहून दिलं असेल, ते त्याच्या भरवशावर.

तुकडा काटकसरीने वापरणं अण्णांचं काम. आठ मायक्रॉनचा एकेक काप, वहीत नोंद, ब्लॉक लगेच परत उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये. एका मे महिन्यात रविवारी फ्रीजरचा कॉम्प्रेसर बसला. अण्णा तेव्हा निवृत्तीला आले होते. वॉचमनचा फोन गेला तसे डोंबिवलीहून निघाले, आणि मी पोचेपर्यंत त्यांनी सगळे ब्लॉक नायट्रोजनच्या कॅनमध्ये उतरवले होते. पातळी पट्टीने मोजत होते. मला म्हणाले, "मंगळवारपर्यंत काळजी नाही."

ते किती मोलाचं होतं, हे मुलगा गेल्यानंतर कळलं. आईवडिलांना दुसरं मूल हवं होतं, पण प्रत्येक खेपेला चारात एक धोका. तोवर लामा-टूचं वाचन आपल्या देशात करून मिळू लागलं होतं. गर्भाची तपासणी करायची तर आधी घरातला नेमका दोष ठाऊक हवा, आणि त्यासाठी आजारी मुलाचा डीएनए हवा. रक्त कुणी राखून ठेवलं नव्हतं. जेनेटिक्सच्या डॉक्टरांनी मला विचारलं, आणि अण्णांच्या हातचा पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक बघून मी तो ब्लॉक काढला. थोडासा तुकडा पुरला. दोष सापडला, दोन्ही प्रतींवर तोच, आईवडिलांकडे एकेक. पुढच्या गरोदरपणात अकराव्या आठवड्याला वारेचा नमुना तपासला. मुलीकडे दोषाची एकच प्रत निघाली, जशी तिच्या आईकडे आणि वडिलांकडे आहे. ती आता शाळेत जाते.

अण्णा तेव्हा गावी होते. मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ब्लॉक किती उरलाय?"

"तीन-चार मिलिमीटर असेल."

"मग अजून पुष्कळ निघतील. पातं नवं लावा."

अण्णा गेले त्याला आता काही वर्षं झाली. बायोप्सीही कमी झाल्या आहेत. रक्तातून जनुक आधी वाचलं जातं. पण जनुकाच्या रिपोर्टमध्ये जेव्हा असा बदल येतो की तो आजार करतो की नाही हे कुणाला सांगता येत नाही, तेव्हा निवाडा अजूनही स्नायूच्या काचेवरच होतो. निवृत्त होण्याआधी मी मुलाच्या वडिलांना फोन केला आणि हा तुकडा पुढेही वापरू का, असं पुन्हा एकदा विचारलं. ते म्हणाले, वापरा, नाव मात्र कुठे घालू नका. तशी नोंद मी वहीत केली, खाली त्या दिवसाची तारीख घातली, आणि वही माझ्या जागी आलेल्या डॉक्टर मुलीच्या हाती दिली. पातं नवं लावायचं, हेही तिला सांगितलं.